मागणी पक्की नसताना पत्र्याच्या कटिंगचा लेआउट कसा आखावा?

अंबड_पत्राकाम (प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे पत्राकामाचे युनिट असून वीज-नियंत्रण पॅनेलसाठी लागणारे, भिंतीवर बसवायचे बॉक्स आम्ही बनवतो. आमच्याकडे एक फायबर लेझर, एक शिअरिंग मशीन (पत्रा सरळ कापणारे) आणि दोन प्रेस ब्रेक (पत्रा वाकवणारे) आहेत. पत्रा मुख्यतः १.६ मिलिमीटरचा सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला पोलादी पत्रा), २५०० × १२५० मापाचा येतो; सगळी मापे मिलिमीटरमध्ये देतो.

अडचण अशी आहे की ग्राहकाकडून येणाऱ्या शेड्यूलमध्ये पहिले दोन आठवडे पक्के असतात आणि पुढचे सहा आठवडे ‘अंदाजे’ या शीर्षकाखाली असतात. हा अंदाज कधी निम्म्यावर येतो, कधी दीडपट होतो, आणि पुष्कळदा एकूण संख्या तीच राहून एका मापाच्या बॉक्सऐवजी दुसऱ्याच मापाचे बॉक्स मागितले जातात. नेस्टिंगचे, म्हणजे शीटवर पार्ट दाटीने मांडण्याचे, सॉफ्टवेअर मात्र आम्ही दिलेली संख्या अंतिम समजूनच लेआउट काढते.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. ८०० × ६०० × २५० च्या बॉक्सच्या दरवाजाचा ब्लँक (वाकवण्याआधीचा सपाट तुकडा) ८६० × ६६० येतो. एका शीटमध्ये तीन दरवाजे बसतात आणि शीटच्या लांबीभर सुमारे ३७० रुंदीची पट्टी उरते. त्या पट्टीत सॉफ्टवेअर ३५० × १५० च्या पंधरा ग्लँड प्लेट (केबल आत घेण्याच्या भोकांची प्लेट) भरते आणि शीटचा वापर जवळजवळ ८० टक्के झाल्याचे पडद्यावर दिसते. बॉक्सला ग्लँड प्लेट एकच लागते. म्हणजे १२० बॉक्ससाठी ४० शीट कापल्या की ६०० प्लेट तयार होतात आणि त्यांतील ४८० रॅकवर जाऊन बसतात. बाजूचे पत्रे (३३० × ८८०, बॉक्सला दोन) आम्ही स्वतंत्र शीटवर घेतो, कारण तिथे एका शीटमध्ये नऊ बसतात आणि वापर ८३ टक्क्यांच्या पुढे जातो.

मागच्या महिन्यात ग्राहकाने ग्लँड प्लेटच्या भोकांची रचना बदलली आणि रॅकवरचा बहुतेक साठा भंगारात द्यावा लागला. तेव्हापासून मनात असे आहे की रिकाम्या जागेत जास्तीचे पार्ट भरून टक्केवारी वाढवणे योग्य आहे का, की जागा तशीच सोडून द्यावी? आणि अंदाजे मागणीपैकी किती आज कापावी, याचा काही हिशेब असतो का? ज्यांनी हे काम नियोजनाच्या अंगाने केले आहे त्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

चाकण_नियोजन

आपण मापे दिलीत हे फार चांगले केले, कारण या प्रश्नाचे उत्तर मापांशिवाय देता येत नाही.

पहिली गोष्ट टक्केवारीची. सॉफ्टवेअर जो वापर दाखवते तो ‘शीटमधून किती पत्रा पार्ट म्हणून निघाला’ एवढाच असतो. ते पार्ट गाडीत चढून ग्राहकाकडे गेले का, हे त्याला ठाऊक नसते. तुमच्या लेआउटमध्ये तीन दरवाजे आणि पंधरा प्लेट मिळून २.४९ चौरस मीटर होतात आणि शीट ३.१२५ चौरस मीटरची आहे, म्हणून ७९.७ टक्के. आता त्यातील ज्या तीनच प्लेटना ग्राहक आहे त्या धरा, म्हणजे आकडा १.८६ चौरस मीटर, म्हणजेच ५९.५ टक्क्यांवर येतो. उरलेल्या बारा प्लेट शीटमागे ७.९ किलो पत्रा अडकवतात आणि ४० शीटमध्ये हे वजन सुमारे ३१६ किलो होते. हिशेबासाठी पत्रा ७० रुपये आणि भंगार ३५ रुपये किलो धरला, तर रचना बदलल्यावर केवळ पत्र्याचा तोटा अकरा हजारांच्या घरात जातो. कापण्याचा वेळ आणि गॅस वेगळा.

याचा अर्थ जागा रिकामी सोडावी असा मुळीच नाही. त्या जागेत काय भरावे, याची कसोटी बदलायला हवी. आज तुम्ही ‘जे बसते ते’ भरता. मी असे सुचवेन की शीटमधल्या मुख्य पार्टची मागणी वरखाली झाली तर ज्या पार्टची मागणी त्याच प्रमाणात वरखाली होईल, तो पार्ट त्या शीटमध्ये आधी घ्यावा. तुमच्या उदाहरणात असा पार्ट बाजूचा पत्रा हाच आहे. तीन दरवाज्यांना सहा बाजू लागतात आणि ३६० च्या निव्वळ रुंदीत ३३० × ८८० च्या दोन बाजू आरामात बसतात.

मग ग्लँड प्लेट कुठे घ्यायच्या? तीन दरवाजे ६६० ची बाजू शीटच्या लांबीवर ठेवून ओळीने लावले, कडेला आणि पार्टमध्ये १० मिलिमीटर सोडले, की शीटच्या टोकाला ४७० × ८६० चा तुकडा राहतो. १५० रुंदीच्या तीन प्लेट आणि मधली दोन अंतरे मिळून नेमके ४७० होतात. म्हणजे त्या तीन दरवाज्यांमागे लागणाऱ्या तीनच प्लेट टोकाच्या तुकड्यात बसतात आणि लांब पट्टी बाजूंसाठी मोकळी राहते. आता शीटमध्ये तीन दरवाजे, तीन प्लेट आणि दोन बाजू झाल्या. वापर ७८.१ टक्के. पडद्यावर हा लेआउट तुमच्या जुन्या लेआउटपेक्षा दीड टक्क्याने कमी दिसेल, पण यातला प्रत्येक पार्ट बॉक्समध्येच जाणार आहे.

शीटची संख्या मोजली तर फरक अधिक स्पष्ट होतो. जुन्या पद्धतीने १२० बॉक्सना दरवाज्यांच्या ४० आणि बाजूंच्या २७ अशा ६७ शीट लागतात. नव्या पद्धतीत दरवाज्यांच्या ४० शीटमधूनच ८० बाजू मिळतात, उरलेल्या १६० साठी १८ शीट पुरतात, एकूण ५८. नऊ शीट वाचल्या. १.६ ची एक शीट ३९.२५ किलोची, म्हणजे सुमारे ३५३ किलो पत्रा आणि वरच्या दराने जवळजवळ पंचवीस हजार रुपये. पार्टनिहाय लेआउट आपापल्या जागी उत्तम दिसतात, पण बॉक्सचा हिशेब करायला कोणी बसत नाही, म्हणून ही बचत दिसत नाही.

अनिश्चिततेच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भाग असा की १२० ची मागणी ९० वर आली, तर तुम्ही या लेआउटच्या दहा शीट कमी कापाल आणि दरवाजे, प्लेट, बाजू हे सगळेच त्या प्रमाणात कमी होईल. कोणताही एक पार्ट मागे पडून राहणार नाही.

टोकाच्या तुकड्यात आणखी ४७० × ५०० एवढी जागा उरते आणि तीत हव्या असल्यास प्लेटची दुसरी ओळ बसते. ती घ्यावी का, हा तुमचा दुसरा प्रश्न. यासाठी वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणून ओळखला जाणारा जुना हिशेब उपयोगी पडतो. एक प्लेट कमी पडली तर होणारा खर्च आणि एक प्लेट उरली तर होणारा खर्च, असे दोन आकडे काढायचे. कमी पडण्याच्या खर्चाला दोन्हींच्या बेरजेने भागले की जे प्रमाण येते, एकूण महिन्यांपैकी तेवढ्या प्रमाणातल्या महिन्यांत मागणी भागेल एवढा साठा ठेवणे परवडते. समजा, कमी पडलेली प्लेट तातडीने कापून देण्यास ४० रुपये जास्त पडतात. ती जागा नाहीतरी भंगारातच जाणार असेल, तर प्लेट उरली तरी पत्र्याचे नुकसान काहीच नाही, कारण भंगाराचा भाव प्लेटलाही तोच मिळतो. फक्त कापण्याचा खर्च, समजा ७ रुपये, वाया जातो. प्रमाण ४० भागिले ४७, म्हणजे ०.८५. पण तीच प्लेट चांगल्या पट्टीतून घेतली तर पत्र्याचे २३ आणि कापण्याचे ७ असे ३० रुपये जातात आणि प्रमाण ०.५७ वर येते. मागच्या बारा महिन्यांची मागणी चढत्या क्रमाने लिहा. टाकाऊ जागेतून घ्यायची असेल तर अकरावा आकडा घ्या, चांगल्या पत्र्यातून घ्यायची असेल तर सातवा. पार्ट एकच असूनही तो कोणत्या जागेतून निघतो यावर किती साठा करावा हे बदलते, आणि ही गोष्ट सॉफ्टवेअरला आपणच सांगावी लागते.

शिरोली_फॅब

चाकणच्या साहेबांनी मांडलेला हिशेब पटला. मी कोल्हापूरजवळच्या शिरोलीत याच प्रकारचे जॉबवर्क करतो, त्यामुळे मशीनजवळ उभे राहून दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी त्यात जोडाव्याशा वाटतात.

शीटमागे ३७० ची पट्टी उरतेच हे एकदा ठरले, की ती लेझरवर कापू नये. शीट लेझरवर चढवण्याआधी शिअरिंगवर ८८० आणि ३७० असे आरपार दोन भाग करून घ्यावेत. दरवाज्यांना ८६० आणि दोन्हीकडे १० धरून ८८० पुरते. शिअरिंगचा काप लेझरच्या तुलनेत अगदी स्वस्त पडतो आणि मुख्य म्हणजे पट्टीचे काय करायचे हा निर्णय त्या क्षणी घ्यावा लागत नाही. या आठवड्यात याच बॉक्सची ऑर्डर पक्की असेल तर बाजू घ्या. ग्राहकाने दुसरे माप मागितले तर तीच पट्टी त्या मापाच्या बाजूला किंवा वरच्या-खालच्या पत्र्याला जाईल. कापलेल्या पार्टचे परत पत्र्यात रूपांतर होत नाही, त्यामुळे जे नक्की नाही ते शक्य तितका वेळ अखंड पत्र्याच्या रूपात राहू द्यावे, असे आमच्याकडे ठरलेले आहे.

मात्र उरलेला तुकडा चौकोनी असला तरच त्याला किंमत आहे. लेझरवर पार्ट निघून गेल्यानंतर जो दातेरी सांगाडा राहतो, त्यात मोकळी जागा कितीही दिसली तरी ऑपरेटरला शून्यबिंदू लावायला सरळ कोपरा मिळत नाही आणि नोझल वर आलेल्या टोकाला धडकण्याची भीती असते. एल आकाराचे तुकडेही रॅकवर नुसते पडून राहतात. म्हणून लेआउट काढतानाच पार्ट एका बाजूला दाटीने बसवून उरलेली जागा एका अखंड आयतात गोळा करण्याची सूचना सॉफ्टवेअरला द्यावी. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, फक्त ती मुद्दाम चालू करावी लागते.

तुकड्यांच्या बाबतीत एक किमान माप ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. आमच्याकडे १.६ च्या पत्र्यात ३०० × ६०० पेक्षा लहान तुकडा रॅकवर जातच नाही, तो त्याच दिवशी भंगाराच्या डब्यात पडतो. तुमचे माप वेगळे असेल, पण ते असलेच पाहिजे, कारण लहान तुकडा शोधणे, उचलणे, मशीनवर लावणे आणि त्यासाठी वेगळा प्रोग्राम काढणे यात जाणारा वेळ तुकड्याच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो. जे तुकडे ठेवायचे त्यांवर जाडी, दर्जा आणि माप रंगीत पेनने मोठ्या अक्षरांत लिहावे, ते उभ्या खणांच्या रॅकमध्ये लावावेत आणि स्टोअरच्या नोंदीत शीटसारखीच त्यांची नोंद व्हावी. नोंद नसलेला तुकडा नियोजन करणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

शिवाय आपला पावसाळा विसरून चालणार नाही. सीआरसीए पत्र्यावरचे तेल हाताळण्यात पुसले गेले की जून ते सप्टेंबरमध्ये कापलेल्या पार्टवर आणि तुकड्यांवर गंज लवकर धरतो. पावडर कोटिंगच्या आधीच्या सात टाक्यांच्या प्रक्रियेत गंज काढण्याची टाकी असते हे खरे, पण खड्डे पडलेला पत्रा कोटिंगनंतरही दरवाज्यासारख्या दर्शनी भागावर उठून दिसतो. त्यामुळे पार्ट उरण्याचा जो खर्च वर धरला आहे, तो पावसाळ्यात थोडा चढवून धरावा.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दी होते. ग्लँड प्लेट पुढच्या महिन्यातही चालते. तिचा पूर्ण तोटा फक्त ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली तरच होतो. म्हणून उरण्याचा खर्च सरसकट ३० रुपये धरण्याऐवजी पार्टची दोन गटांत विभागणी करावी असे मला वाटते. कुलपाचे ब्रॅकेट, बिजागरीची पट्टी, अर्थिंगची पट्टी असे जे पार्ट सगळ्या मापांच्या बॉक्सना सारखेच लागतात आणि ज्यांचे ड्रॉइंग सहसा हलत नाही, त्यांचा थोडा जास्त साठा झाला तरी बिघडत नाही. ४७० × ५०० च्या जागेत मी ग्लँड प्लेटची दुसरी ओळ न घेता हेच पार्ट भरेन. ज्यांत ग्राहकाच्या केबलप्रमाणे भोके बदलतात, ते पार्ट पक्क्या ऑर्डरपलीकडे एकही घेऊ नयेत.

अंबड_पत्राकाम

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. दरवाजे, बाजू आणि प्लेट एका शीटवर आणण्याचा विचार आजच करून पाहिला आणि मापे जुळतात. आमच्या शिअरिंगवर २५०० लांबीला सरळपणात थोडा फरक येतो, तरी दोन्हीकडे १० चे मार्जिन असल्याने तो खपून जाईल असे दिसते.

एक शंका आहे. ग्लँड प्लेटची बाहेरची रेषा सगळीकडे तीच असते, फक्त भोके बदलतात. मग कोऱ्या प्लेट आधी कापून ठेवाव्यात आणि ऑर्डर आल्यावर भोके पाडावीत, असे केले तर? आणि दुसरे, १२० चा अंदाज असताना ४० शीटपैकी आज किती कापाव्यात, हे कसे ठरवावे?

चाकण_नियोजन

शिरोलीच्या साहेबांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे. पुढच्या महिन्यात चालणाऱ्या पार्टसाठी उरण्याचा खर्च म्हणजे अडकलेल्या पैशांचे व्याज, जागा आणि रिव्हिजन बदलण्याची शक्यता गुणिले पूर्ण तोटा, एवढाच धरावा. मग स्थिर पार्टसाठी प्रमाण आपोआप ०.९ च्या वर जाते आणि बदलत्या पार्टसाठी खाली राहते. दोन गट केले की हेच साधते.

कोऱ्या प्लेटबद्दल सांगायचे तर कल्पना चांगली आहे, पण ती मशीनवर अवलंबून आहे. लेझरवर भोके आणि बाहेरची रेषा एकाच वेळी निघतात, त्यामुळे प्लेट पुन्हा एकेक करून लेझरवर लावणे म्हणजे वेळेचा मोठा भुर्दंड आहे. पॉवर प्रेसवर किंवा हायड्रॉलिक पंचवर गोल भोके पाडण्याची सोय असेल आणि भोकांची संख्या कमी असेल, तरच कोऱ्या प्लेटचा मार्ग परवडतो. तुमच्या नव्या लेआउटमध्ये प्लेट दरवाज्यांबरोबर पक्क्या ऑर्डरप्रमाणेच निघणार आहेत, म्हणून त्यांची भोके शेवटच्या क्षणी प्रोग्राममध्ये बदलता येतात. मग कोरा साठा करण्याचे कारणच उरत नाही.

संक्रिया_अभ्यासक

आज किती कापाव्यात, या प्रश्नाचे उत्तर मी थोडे गणिताच्या बाजूने देतो.

मोठ्या साहित्यातून लहान तुकडे कमीत कमी नासाडीने कसे कापावेत, हा प्रश्न लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये लेनिनग्राडला प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत रेषीय नियोजनाच्या इतर उदाहरणांबरोबर मांडला होता. १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे १९६१ आणि १९६३ मध्ये आयबीएममधील गिलमोर आणि गोमोरी यांनी सर्व संभाव्य लेआउट आधी लिहून न काढता, गरजेप्रमाणे एकेक उपयुक्त लेआउट निर्माण करत जाण्याची रीत दिली. आजही अनेक कटिंग सॉफ्टवेअरच्या मुळाशी हाच विचार आहे. पण या मांडणीत प्रत्येक पार्टची मागणी हा ठरलेला आकडा असतो. तुमची खरी अडचण इथे सुरू होते.

अनिश्चित मागणीसाठी वेगळी मांडणी लागते. १९५५ मध्ये जॉर्ज डँटझिग यांनी अनिश्चिततेखालच्या रेषीय नियोजनावर जो शोधनिबंध लिहिला, त्यातली मूळ कल्पना अशी की निर्णयांचे दोन टप्पे करायचे. पहिल्या टप्प्यातले निर्णय मागणी कळण्यापूर्वी घ्यावे लागतात, दुसऱ्या टप्प्यातले कळल्यानंतर घेता येतात. तुमच्याकडे पहिल्या टप्प्यात ‘आज कोणत्या लेआउटच्या किती शीट कापायच्या’ हे येते आणि दुसऱ्यात ‘ऑर्डर पक्की झाल्यावर आणखी किती, कोणत्या लेआउटने, आणि कोणत्या पट्टीतून’ हे येते. पहिल्या टप्प्याचा खर्च अधिक दुसऱ्या टप्प्याचा अपेक्षित खर्च, ही बेरीज कमीत कमी करायची.

इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. सरासरी मागणी धरून काढलेला उत्तम लेआउट हा अनिश्चित मागणीसाठी उत्तम असेलच असे नाही. पार्ट कमी पडण्याचा आणि उरण्याचा खर्च सारखा नसतो, आणि लेआउट शीटच्या पटीतच कापावे लागतात, म्हणून सरासरीवर काढलेले उत्तर एका बाजूला झुकलेले निघते. शेड्यूलमधला अंदाज एकच आकडा म्हणून सॉफ्टवेअरला देण्यामागचा धोका हाच आहे.

यासाठी महागडे सॉफ्टवेअर घ्यायची आवश्यकता नाही. मागच्या वर्षीचे शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल यांचा ताळा घालून प्रत्येक मापासाठी कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन मागण्या ठरवा. आपण दिलेल्या मापासाठी समजा त्या ९०, १२० आणि १५० आल्या. प्रत्येक मागणीसाठी स्वतंत्रपणे लेआउट काढा. तिन्ही उत्तरांत दरवाजांच्या लेआउटच्या अनुक्रमे ३०, ४० आणि ५० शीट येतील. यांपैकी ३० शीट तिन्ही परिस्थितींत लागणारच आहेत, म्हणून त्या केव्हाही कापल्या तरी धोका नाही आणि मशीन रिकामे असेल तेव्हा त्या पुढे ओढून घ्याव्यात. तीसच्या पुढची प्रत्येक शीट पक्की ऑर्डर येईपर्यंत अखंड ठेवावी. दर आठवड्याला नवे शेड्यूल आले की हेच पुन्हा करावे आणि फक्त येत्या आठवड्याचे कटिंग गोठवावे.

आपण लिहिले आहे की पुष्कळदा एकूण संख्या कायम राहून माप बदलते. ही माहिती फार मोलाची आहे. याचा अर्थ प्रत्येक मापाची मागणी जितकी हलते, त्या मानाने १.६ च्या पत्र्याची एकूण मागणी बरीच स्थिर आहे. म्हणून पत्र्याची खरेदी एकूण वजनाच्या अंदाजावर बिनधास्त करता येते आणि अनिश्चिततेचा सगळा भार फक्त कापण्याच्या निर्णयावर येतो. तीन परिस्थिती ठरवतानाही एक काळजी घ्यावी. एक माप वाढते तेव्हा दुसरे कमी होते, हे त्यांत दिसले पाहिजे. सगळी मापे एकदम ‘जास्त’ धरली तर घडत नसलेल्या परिस्थितीसाठी आपण साठा करत बसू.

लेआउटची संख्या तीस-चाळीस आणि मापे दहा-बारा असतील तर हा हिशेब एक्सेलच्या सॉल्व्हरमध्येही बसतो. त्यात चलांची मर्यादा २०० आहे, तेवढी सांभाळावी लागते.

स्टेनलेस_काम

एक छोटी भर. वरचे सगळे सीआरसीएसाठी ठीक आहे, पण हीच पद्धत स्टेनलेसला लावणार असाल तर ब्रश फिनिशच्या रेघांची दिशा आधी पाहावी. दरवाजा आणि बाजू यांच्या रेघा एकाच दिशेने दिसायला हव्या असतात, त्यामुळे पार्ट ९० अंशांत फिरवण्याची मुभा सॉफ्टवेअरला देता येत नाही आणि लेआउट निराळेच येतात. जाड हॉट रोल्ड पत्रा आणि ॲल्युमिनियमचे काही कठीण प्रकार यांतही रोलिंगच्या दिशेला समांतर लहान त्रिज्येचा बेंड आला तर बाहेरच्या बाजूला चीर पडते. अशा पार्टचे तुकडे ठेवताना मापाबरोबर रोलिंगच्या दिशेचा बाणही काढावा. आणि ग्राहकाला मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट द्यावे लागत असेल तर हीट नंबरही (पोलादाच्या ज्या ओतणीतून पत्रा बनला तिचा क्रमांक) तुकड्यावर उतरवावा, नाहीतर तो तुकडा त्या ऑर्डरला वापरता येणार नाही.

अंबड_पत्राकाम

सर्वांचे पुन्हा आभार. येत्या शेड्यूलपासून ८०० × ६०० च्या बॉक्ससाठी एकत्र लेआउट वापरायचे ठरवले आहे. पट्टी शिअरिंगवर सोडवून घेऊ आणि भोके बदलणाऱ्या प्लेट पक्क्या ऑर्डरपुरत्याच कापू. रोजच्या अहवालात सॉफ्टवेअरच्या टक्केवारीशेजारी ‘पाठवलेल्या मालाचे वजन भागिले वापरलेल्या पत्र्याचे वजन’ असा महिन्याचा आकडाही लिहिणार आहे.

शेवटचा एक प्रश्न. आमच्या पुरवठादाराने सुचवले आहे की कॉइलमधून हव्या त्या लांबीच्या शीट कापून मिळतील. २६९० लांबी घेतली तर चार दरवाजे ओळीत बसतात आणि टोकाचा तुकडा उरतच नाही. हे करावे का?

चाकण_नियोजन

आपल्या परिस्थितीत सगळा माल तसा घेऊ नये असे माझे मत आहे. २६९० ची शीट त्या एका दरवाजासाठी उत्तम आहे, पण ग्राहकाने माप बदलले की तीच शीट दुसऱ्या लेआउटमध्ये अडचणीची होते. शिवाय टोकाचा तुकडा नाहीसा झाला की चार ग्लँड प्लेट लांब पट्टीतून घ्याव्या लागतील. त्यांना साधारण ६४० मिलिमीटर जातात, उरलेल्या दोन मीटरमध्ये ८८० च्या दोनच बाजू बसतात, म्हणजे आता चार दरवाज्यांमागे दोन बाजू मिळतात आणि आधी तीनमागे दोन मिळत होत्या. लांबी सोयीची करून घेताना बाजूंच्या शीट वाढतील. कॉइल कापून देणारे सर्व्हिस सेंटर अशा खास लांबीसाठी कमीत कमी किती टन घ्यावे लागेल अशी अटही घालते आणि तो माल संपेपर्यंत तुम्ही त्या मापाला बांधले जाता. २५०० × १२५० नवी मुंबईतल्या कळंबोलीच्या पोलाद बाजारात केव्हाही मिळते आणि तुमच्या सगळ्या मापांना चालते.

तरीही करून पाहायचे असेल तर अभ्यासक साहेबांनी सांगितलेल्या किमान मागणीपुरतेच, म्हणजे ९० दरवाज्यांच्या हिशेबाने २२ शीट खास लांबीच्या घ्या आणि त्यावरची सगळी मागणी नेहमीच्या शीटवर चालवा. पण मागणी देण्याआधी बाजूंच्या शीटसकट दोन्ही पद्धतींचे एकूण वजन कागदावर काढून पाहा. या मापात बाजूंच्या शीट वाढूनही एकूण वजन सुमारे दहा टक्के कमी होते; ही बचत एका मापाला बांधले जाण्याच्या धोक्याशी ताडून पाहा.